हंगामी मजुरी आणि बारमाही कायदा : नागभीड परिसरातील कामगार विम्याचा इतिहास

नागभीड हे चंद्रपूर जिल्ह्याच्या उत्तर भागातील तालुक्याचे ठिकाण असून गोंदियाहून बल्लारशाहकडे जाणारा आणि नागपूरहून येणारा असे दोन लोहमार्ग तेथे एकत्र येतात. वैनगंगेच्या पश्चिमेकडील हा टापू झाडीपट्टीचा भाग मानला जातो, आणि धान, तलाव व जंगल यांवर तेथील मजुरीचे वेळापत्रक पिढ्यान्‌पिढ्या बेतलेले आहे. पावसाळ्यात बांधीतील रोवणी, दिवाळीच्या आगेमागे धानाची कापणी, त्यानंतर राईस मिलमधील काम किंवा जंगलाच्या कूपातील, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या भागातील, लाकूडतोड, उन्हाळा लागताना मोहफुले आणि मे महिन्यात तेंदूपत्ता, असे एकाच माणसाचे वर्ष चार-पाच धंद्यांत वाटले जाते. राज्य कामगार विमा योजनेचा, म्हणजे मालक आणि कामगार यांच्या सक्तीच्या वर्गणीतून उभ्या राहणाऱ्या शासकीय आरोग्य विम्याचा, इतिहास सहसा कानपूर, मुंबई किंवा नागपूर येथील गिरण्यांच्या अंगाने लिहिला जातो. तोच इतिहास नागभीडच्या बाजूने वाचू लागले, की कामगाराला कोणते हक्क मिळाले या प्रश्नाआधी कायद्याने कामगार कोणाला मानले हा प्रश्न उभा राहतो. आणि त्याचे उत्तर माणसाच्या आजारावर वा इजेवर कधीच अवलंबून नव्हते, ते कारखान्याची व्याख्या, मजुरांची संख्या, कामाचा हंगाम आणि अधिसूचित क्षेत्राची हद्द यांवरून ठरत आले.

विम्याच्या आधी भरपाई आली. १९२३ सालचा कामगार नुकसानभरपाई कायदा १ जुलै १९२४ पासून अंमलात आला आणि कामावर असताना, कामाच्या ओघात झालेल्या अपघाताची आर्थिक जबाबदारी त्याने प्रथमच मालकावर टाकली. या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे कोणकोणते काम करणारा माणूस कायद्याच्या अर्थाने ‘कामगार’ समजावा हे सांगणाऱ्या यादीत, पुढे झाडे तोडणे व ओंडके करणे, जलमार्गाने लाकूड वाहून नेणे, वणवा आटोक्यात आणणे, इतकेच नव्हे तर हत्ती व इतर वन्य प्राणी पाळणे आणि त्यांच्याकडून काम करून घेणे यांचाही समावेश दिसतो. गडचिरोलीतील कमलापूरच्या हत्ती कॅम्पचा माहूत त्यामुळे ज्या कायद्याच्या दृष्टीने कामगार ठरतो, त्याच्यानंतर पाव शतकाने आलेल्या विमा कायद्यात त्याला जागा नव्हती, ही विसंगती लक्षात ठेवण्याजोगी आहे. जुना कायदा धोक्याच्या कामाकडे पाहत होता, नवा कायदा कामाच्या इमारतीकडे पाहू लागला.

तरीही भरपाईच्या कायद्यात एक मूलभूत उणीव होती. दावा एका मजुराचा एका मालकाविरुद्ध असे, मालक बहुधा ठेकेदार असे, आणि कूपाचा ठेका संपला की ठेकेदार दुसऱ्या तालुक्यात निघून जाई. कायद्याच्या बाराव्या कलमाने मूळ मालकावर, म्हणजे ज्याने आपल्या धंद्याचे काम ठेक्याने दिले त्याच्यावर, दायित्व ठेवले होते. परंतु आयुक्तापुढे अर्ज करणे, अपघात सिद्ध करणे आणि तोवर उपाशी न राहणे ही तिन्ही कामे अपघातग्रस्त कुटुंबालाच करावी लागत. शिवाय हा कायदा अपघाताचा आणि मोजक्या धंदेवाईक रोगांचा होता, सर्वसाधारण आजाराचा नव्हता. हिवतापाने पंधरा दिवस अंथरुणाला खिळलेल्या मजुराचे त्याच्याकडून काहीच भागत नसे, आणि जुन्या चांदा (आजच्या चंद्रपूर-गडचिरोली) जिल्ह्यात मजुरी बुडण्याचे नित्याचे कारण अपघातापेक्षा ताप हेच होते.

सवलत आणि हक्क यांतील फरक समजण्यासाठी या काळातील नागपूरकडे पाहणे उपयुक्त ठरते. १८७७ मध्ये सुरू झालेल्या एम्प्रेस मिलमध्ये जमशेटजी टाटा यांनी १८८६ साली निवृत्तिवेतन निधी आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई सुरू केली होती, म्हणजे कायद्याच्या सक्तीच्या तीन दशके आधी. ती दूरदृष्टी खरी. पण तिचा आधार मालकाची इच्छा हा होता, आणि गिरणीच्या फाटकाबाहेर तिला अस्तित्व नव्हते. १९२९ साली मुंबई प्रांताने आणि १९३० साली, नागपूर व चांदा ज्यात होते त्या, मध्य प्रांताने प्रसूती लाभाचे कायदे केले तेव्हा कारखान्यातील स्त्रीला बाळंतपणाच्या काळात रोख रक्कम मागण्याचा अधिकार मिळाला. मुंबईच्या विधेयकाला विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा देताना या खर्चाचा मोठा भाग शासनाने उचलावा अशी भूमिका घेतली होती. या भूमिकेचे महत्त्व असे की सर्व बोजा मालकावर राहिला तर मालक स्त्रियांना कामावर घेण्याचेच टाळतो. जोखीम अनेकांत वाटली गेली तरच हक्क टिकतो, आणि विम्याचे तत्त्व याहून निराळे नाही.

मध्य प्रांतात आणखी एक प्रयोग झाला, ज्याची दखल कामगार कायद्याच्या सर्वसाधारण इतिहासांत क्वचित घेतली जाते. १९२९ साली नेमलेल्या आणि १९३१ साली अहवाल सादर करणाऱ्या व्हिटले आयोगाने, म्हणजे भारतातील कामगारांविषयीच्या शाही आयोगाने, आजारपणाच्या विम्याचा विचार पुढे ढकलू नये असे सुचवतानाच यंत्रशक्ती न वापरणाऱ्या लहान कारखान्यांकडेही लक्ष वेधले होते. त्यानंतर १९३७ मध्ये मध्य प्रांत सरकारने अनियंत्रित कारखान्यांविषयीचा कायदा केला. बिडी वळणे, चपडा लाख तयार करणे आणि कातडी कमावणे या तीन धंद्यांतील, पन्नास किंवा अधिक माणसे असलेल्या कार्यशाळांना तो लागू होता. या तिन्ही धंद्यांचा कच्चा माल जंगलाच्या कडेने येतो. तेंदूचे पान, पळसावरची लाख आणि कातड्यासाठी लागणाऱ्या साली. जंगलावर जगणारा कामगार शासनाला दिसत नव्हता असे म्हणता येत नाही. पन्नासांची अट घातल्यावर एकोणपन्नास माणसांच्या कार्यशाळा वाढतात, हा पुढे वारंवार आलेला अनुभवही याच काळापासून सुरू होतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विम्याच्या कल्पनेला निश्चित रूप आले. १९४२ च्या जुलैमध्ये डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले, त्याच वर्षी इंग्लंडमध्ये बेव्हरिज यांचा सामाजिक विम्यावरील अहवाल प्रसिद्ध झाला, आणि मार्च १९४३ मध्ये प्रा. बी. पी. अदारकर यांच्याकडे भारतातील औद्योगिक कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम सोपवण्यात आले. १५ ऑगस्ट १९४४ रोजी त्यांनी अहवाल दिला. सक्तीची वर्गणी, मालक व कामगार या दोघांचा वाटा, कामगाराच्या उत्पन्नाशी जुळणारे रोख लाभ आणि त्यांच्या जोडीला वैद्यकीय उपचार हा त्याचा गाभा होता. परंतु प्रारंभीची व्याप्ती त्यांनी कापड, अभियांत्रिकी आणि खनिज व धातू या तीन उद्योगगटांतील बारमाही कारखान्यांपुरती ठेवली. वर्गणी दर आठवड्याला पगारातून कापून घ्यायची तर पगारपत्रक असलेला, वर्षभर चालणारा, एका जागी माणसे गोळा करणारा कारखानाच हवा, हे त्यामागचे व्यवहारी कारण होते, आणि सरकारी यंत्रणेचा तेव्हाचा आवाका पाहता ते पोकळ म्हणता येणार नाही.

मात्र येथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. अहवाल दिला त्याच वर्षी द. व्ही. रेगे यांच्या अध्यक्षतेखाली जी कामगार चौकशी समिती नेमण्यात आली, तिच्या सदस्यांत स्वतः अदारकर होते, आणि या समितीने उद्योगवार प्रसिद्ध केलेल्या अहवालांत बिडी, चपडा लाख आणि भात गिरण्या यांवरील स्वतंत्र अहवाल आहेत. नागभीड, ब्रह्मपुरी, गोंदिया या पट्ट्यातील मजुरी ज्या तीन धंद्यांभोवती फिरत होती, नेमके तेच धंदे समितीने तपासले. तेथील तुटक रोजगार, उक्ते दर आणि मध्यस्थांची साखळी कागदावर आली. रेषा आखणाऱ्यांना रेषेपलीकडे कोण राहते हे ठाऊक नव्हते, असा बचाव म्हणूनच करता येत नाही. आधी कारखाने, मग बाकीचे, असा क्रम त्यांनी जाणीवपूर्वक लावला होता. क्रमातला पहिला टप्पाच मुक्काम होऊन बसला, ही पुढची गोष्ट.

अदारकर योजनेची आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या मॉरिस स्टॅक आणि रघुनाथ राव या तज्ज्ञांनी छाननी केली, त्यावर आधारलेले विधेयक १९४६ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात मांडले गेले आणि १९ एप्रिल १९४८ रोजी राज्य कामगार विमा योजनेचा आधार असलेला कर्मचारी राज्य विमा कायदा, म्हणजे त्या वर्षाचा ३४ क्रमांकाचा कायदा, अस्तित्वात आला. तेव्हा मासिक ४०० रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांनाच तो लागू होता. ही मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढत जाऊन १ जानेवारी २०१७ पासून २१,००० रुपये झाली. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते कानपुरात योजनेचे उद्घाटन झाले व त्याच दिवशी दिल्लीतही ती सुरू झाली. नागपूर, जे त्या वेळी मध्य प्रदेशाची राजधानी होते, १९५४ साली योजनेखाली आले, आणि मुंबईही त्याच वर्षी. शंभरेक किलोमीटर अंतरावरील नागभीडपर्यंत मात्र ती त्या ओघात पोहोचली नाही, आणि त्याची कारणे कायद्याच्या मजकुरातच आहेत.

पहिले कारण क्षेत्राचे. कायदा साऱ्या देशाचा असला तरी त्याच्या पहिल्या कलमानुसार वेगवेगळ्या भागांत वेगवेगळ्या तारखांना तो लागू करण्याची मुभा केंद्राला होती, आणि प्रत्यक्षात गावोगावच्या, तालुक्यांच्या, पुढे जिल्ह्यांच्या अधिसूचना काढूनच तो पसरत गेला. वैद्यकीय सेवा देण्याची जबाबदारी राज्य शासनाची होती. खर्चाचा आठपैकी सात हिस्से भार योजना चालवणारे महामंडळ व एक हिस्सा राज्य उचलते, आणि दवाखाना व डॉक्टर यांची सोय झाल्याखेरीज वर्गणी कापणे योग्य नाही, हा त्यामागचा विचार होता. तत्त्व म्हणून तो न्याय्यच आहे. परिणाम मात्र असा झाला, की जेथे कारखाने दाट तेथेच दवाखाना परवडे, जेथे दवाखाना तेथेच अधिसूचना निघे, आणि अधिसूचना निघेल तेथेच हक्क जन्माला येई. विरळ वस्तीच्या, विरळ कारखान्यांच्या जंगली जिल्ह्याला या हिशेबात पाळी येणे कठीण होते.

दुसरे कारण संख्येचे. मूळ कायद्यात यंत्रशक्तीवर चालणाऱ्या आणि वीस किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्याचाच विचार होता. १९८९ च्या दुरुस्तीने यंत्रशक्ती असल्यास ही संख्या दहा झाली आणि २०१० च्या दुरुस्तीने यंत्रशक्तीचा भेद काढून सर्वत्र दहा ठेवण्यात आली. धानाच्या पट्ट्यातील राईस मिल ही बहुधा घरगुती मालकीची असते. तिच्यात यंत्र चालवणारा, त्याचा मदतनीस, पोत्यांची चढ-उतार करणारी हमालांची टोळी आणि कोंडा-कणी वेगळी करणाऱ्या स्त्रिया एवढी माणसे असतात, पण हजेरीपटावर त्यांतील मोजकीच दिसतात, कारण टोळी मुकादमाची मानली जाते आणि स्त्रिया रोजंदारीच्या. कायद्याने या पळवाटेला उत्तर दिले आहे. दुसऱ्या कलमाच्या नवव्या उपकलमात, मुकादम किंवा ठेकेदार यांच्यामार्फत लावलेला माणूसही, तो कारखान्याच्या आवारात किंवा मालकाच्या देखरेखीखाली कारखान्याचे नेहमीचे काम करीत असेल तर, कर्मचारी ठरतो; ठेकेदार हा केवळ ‘लगतचा मालक’ आणि गिरणीचालक हा ‘मुख्य मालक’ समजला जातो, आणि वर्गणी प्रथम मुख्य मालकानेच भरायची असते. हैदराबादच्या रॉयल टॉकीज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली चित्रपटगृहाच्या सायकल स्टँडवर व उपाहारगृहात ठेकेदाराने ठेवलेल्या माणसांनाही याच कलमाखाली कर्मचारी ठरवले. त्या न्यायाने राईस मिलच्या फाटकाआत पोती वाहणारा हमाल गणतीबाहेर राहण्याचे कारण उरत नाही. बल्लारपूरच्या कागद कारखान्यासाठी दूरच्या जंगलात बांबू तोडणाऱ्या मजुराचे मात्र तसे नाही. त्याचा बांबू कारखान्यात पोहोचतो, पण आवाराची आणि देखरेखीची अट त्याला जंगलातच सोडून देते.

तिसरे कारण हंगामाचे, आणि या प्रदेशापुरते ते सर्वांत महत्त्वाचे. हंगामी कारखाने कायद्यातून वगळताना सरकी काढणे, कापूस व ताग दाबणे, भुईमूग फोडणे, कॉफी, नीळ, लाख, रबर, साखर व गूळ, चहा अशी यादी देण्यात आली. त्या यादीत लाख आहे, आणि लाख म्हणजे पूर्व विदर्भाच्या जंगलाचा जुना व्यापारी माल. तिच्यावर काम करणारा कामगार अशा रीतीने नावानिशी बाहेर ठेवला गेला. भात भरडण्याचा उल्लेख मात्र त्या मूळ यादीत नाही. हा भेद कोरडा वाटला तरी त्याचा व्यवहारातील अर्थ मोठा आहे, कारण ज्या भात गिरणीत दहा माणसे होती आणि जी अधिसूचित क्षेत्रात येई, तिच्या मालकाला केवळ ‘आमचे काम सुगीपुरते असते’ असे सांगून मोकळे होता येत नसे.

चौथे कारण खाणींच्या वगळणुकीचे. खाण कायद्याखालील खाण ही विमा कायद्याच्या व्याख्येनुसार कारखाना नव्हती, आणि कोळसा खाणकामगारांसाठी १९४७ च्या कायद्याखाली वेगळा कल्याण निधी होता. चंद्रपूर, बल्लारपूर, माजरी, घुग्घुस येथील कोळसा कामगारांना त्यामुळे स्वतःची रुग्णालये मिळाली. भद्रावतीच्या आयुध निर्माणीसारख्या सरकारी कारखान्यांना, समतुल्य सोयी असल्यास, सूट मिळण्याची तरतूद कायद्यातच होती. याचा एकत्रित परिणाम असा, की जिल्ह्यातील मोठे, संघटित आणि बऱ्या पगाराचे कामगार आपापल्या निधीकडे गेले आणि विमा योजनेच्या मागणीला ज्यांचा आवाज लागला असता, ते तिच्या कक्षेतच राहिले नाहीत. मागे उरलेल्या विखुरलेल्या मजुरांसाठी अधिसूचना मागणारी संघटना उभी राहणे अवघड होते.

बिडीचा प्रश्न न्यायालयांतून गेला, आणि त्यातील पहिले निकाल याच जुन्या मध्य प्रांताच्या भूमीतले आहेत. १९५८ साली चिंतामणराव विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले, की कारखानदाराकडून तंबाखू नेऊन आपल्या जागी किंवा घरोघरी बिड्या वळवून आणणारा सट्टेदार हा स्वतंत्र ठेकेदार आहे, कारखान्याचा कामगार नव्हे. त्यानंतर १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या, बिरदीचंद शर्मा विरुद्ध पहिले दिवाणी न्यायाधीश, नागपूर या निकालात, कारखान्यात येऊन नगावर बिड्या वळणारे लोक, त्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा सैल असल्या तरी, कामगार आहेत असे म्हटले गेले; आणि १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शंकर बालाजी वाजे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात बहुमताने पुन्हा उलट कौल पडला. हे वाद कारखाने कायद्याखालील होते; परंतु कोणाच्या देखरेखीत, कोणाच्या छपराखाली आणि किती बांधून घेऊन काम होते, या कसोट्या विम्याच्या दारातही त्याच होत्या. अखेर १९६६ साली बिडी व सिगार कामगारांसाठी वेगळा कायदा झाला, ज्याने घरी बिडी वळणारीलाही कर्मचारी मानले. १९७६ मध्ये बिडीवर उपकर लावून कल्याण निधी उभारला गेला, आणि त्या निधीतून दवाखाने, घरकुले व शिष्यवृत्त्या दिल्या जाऊ लागल्या. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा हा उपकर रद्द झाला. निधीला स्वतःचा झरा राहिला नाही आणि पुढचा खर्च अर्थसंकल्पावर विसंबला. वर्गणीवर उभा असलेला हक्क आणि तरतुदीवर उभी असलेली सोय यांतील अंतर दाखवणारे याहून स्पष्ट उदाहरण विदर्भात सापडणे कठीण आहे.

बिडीचे पान पुरवणारा तेंदू संकलक तर या साखळीच्या आणखी मागे राहतो. सत्तर पानांचे एक पुडके आणि हजार पुडक्यांची एक प्रमाणित गोणी, असा महाराष्ट्रातील हिशेब आहे. पाने फडीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजली जातात, मजुरी पुडक्यांवर मिळते, आणि संपूर्ण हंगाम काही आठवड्यांत आटोपतो. १९६९ च्या वनोपज व्यापार कायद्याने हा व्यापार शासनाच्या नियंत्रणाखाली आणला, तरी संकलकाचा मालक कोण हे त्याने सांगितले नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखासारख्या गावांना सामूहिक हक्क मिळाले आणि गडचिरोलीत अनेक ग्रामसभा स्वतःच तेंदूपत्ता विकू लागल्या. जंगलावरील अधिकाराच्या दृष्टीने हा मोठा विजय होता. कामगार विम्याच्या दृष्टीने मात्र त्याने संकलकाला कर्मचारी या कल्पनेपासून कायमचे दूर नेले, कारण आता तो स्वतःच्या मालाचा विक्रेता झाला, आणि पान तोडताना साप चावला तर वर्गणीदार मालक शोधण्याची सोयच राहिली नाही.

कायद्याच्या आत प्रवेश मिळालेल्या कामगाराचे हक्क मात्र भक्कम आहेत, आणि नागभीडच्या हवामानाशी व हंगामाशी ते ताडून पाहिले तर त्यांचा उपयोग अधिक स्पष्ट होतो. वर्गणीचे दोन कालखंड असतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. पहिल्याचा लाभ पुढील जानेवारी ते जून या काळात आणि दुसऱ्याचा जुलै ते डिसेंबर या काळात मिळतो. वर्गणीच्या सहा महिन्यांत किमान ७८ दिवसांची वर्गणी झाली असेल, तर आजारपणात सरासरी रोजाच्या ७० टक्के दराने वर्षाला ९१ दिवसांपर्यंत रोख रक्कम मिळते. याचा अर्थ असा, की ऑक्टोबर ते मार्च या धान भरडण्याच्या ऐन दिवसांत मिलमध्ये ७८ दिवस भरलेल्या मजुराला आजारलाभाचा अधिकार जुलैपासून मिळतो, म्हणजे नेमका पावसाळ्यात, हिवतापाच्या दिवसांत. त्या वेळी त्याचे मिलमधील काम सुटलेले असले तरी बिघडत नाही, कारण ‘विमाधारक’ या संज्ञेत आज कर्मचारी असलेला आणि पूर्वी असलेला हे दोघेही येतात. आजाराच्या पहिल्या दोन दिवसांची रक्कम मिळत नाही. पण पंधरा दिवसांच्या आत आजार उलटला तर हा प्रतीक्षाकाळ पुन्हा लागत नाही, आणि उलटून येणाऱ्या तापाच्या प्रदेशात ही छोटी तरतूद मोलाची ठरते. क्षयासारख्या दीर्घ आजारात ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत लाभ वाढतो, बाळंतपणात २६ आठवडे पूर्ण वेतनाइतकी रक्कम मिळते, कामावरील इजेत ९० टक्के दर लागू होतो आणि त्यासाठी किती दिवस वर्गणी भरली हे पाहिले जात नाही. कामगार दगावला तर त्याच्या विधवेला पूर्ण दराच्या तीन-पंचमांश आणि प्रत्येक मुलाला दोन-पंचमांश, एकूण रक्कम मर्यादेत बसवून, दरमहा दिले जाते. धंदेवाईक रोगांच्या अनुसूचीत सेंद्रिय धूळ श्वासावाटे गेल्याने होणारा फुफ्फुसाचा विकार आहे, आणि तुसाच्या धुळीत वर्षानुवर्षे काम करणाऱ्याने ती नोंद वाचून ठेवायला हवी.

याहून मूलगामी तरतूद अशी, की मालकाने वर्गणी भरली नाही म्हणून कामगाराचा हक्क बुडत नाही. कायद्याची भाषा वर्गणी ‘भरली’ अशी नसून ‘देय आहे किंवा होती’ अशी आहे. अडुसष्टाव्या कलमानुसार महामंडळाने लाभ द्यावा आणि तो कसूरदार मालकाकडून वसूल करावा. भरगथ इंजिनिअरिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच आधारावर, कागदपत्रे व वर्गणी कामगाराच्या मृत्यूनंतर दाखल झालेली असतानाही त्याच्या कुटुंबाला हक्कदार मानले. आजारलाभ घेत असताना कामगाराला काढून टाकता किंवा शिक्षा करता येत नाही, मालकाच्या वाट्याची वर्गणी पगारातून कापता येत नाही, अत्यल्प रोजाच्या मजुराने स्वतःची वर्गणी भरायचीच नसते, आणि वाद उद्भवल्यास कर्मचारी विमा न्यायालयात दाद मागता येते. १९९७ पासून मालकाचा वाटा ४.७५ व कामगाराचा १.७५ टक्के होता. १ जुलै २०१९ पासून तो अनुक्रमे ३.२५ व ०.७५ टक्के झाला. या संरक्षणाची एक किंमतही आहे. १९४८ च्या कायद्याच्या त्रेपन्नाव्या कलमानुसार विमा कायद्याखालील इजेसाठी १९२३ च्या कायद्यातील एकरकमी भरपाई मागता येत नसे. ठोक रकमेच्या जागी दरमहाची निश्चित रक्कम, असा हा सौदा आहे, आणि कर्जाच्या ओझ्याखालील कुटुंबाला तो नेहमी गोड वाटतोच असे नाही.

घरून कामावर जातानाच्या अपघाताचा प्रश्न जंगलाकडेच्या गावांना विशेष लागू होतो. १९९६ साली फ्रान्सिस डी कोस्टा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कारखान्यापासून दूर, रस्त्यावर झालेला अपघात कामाच्या ओघातला मानण्यास नकार दिला होता; २०१० च्या दुरुस्तीने ‘५१ ई’ हे कलम घालून, वेळ, जागा आणि काम यांचा संबंध जुळत असेल तर, असा अपघातही कामावरील इजा ठरवला. नागभीड आणि तळोधी ही परिक्षेत्रे ब्रह्मपुरी वनविभागात येतात, जेथे वाघ आणि माणूस यांचा सामना ही नेहमीची बातमी आहे. पहाटे सायकलने मिलकडे निघालेल्या कामगारावर वाघाने हल्ला केला तर वनविभागाची भरपाई आणि विम्याचा हक्क हे दोन वेगळे प्रवाह आहेत. पहिला वन्यप्राण्याच्या कृत्याबद्दल असतो, दुसरा प्रवासाच्या हेतूबद्दल.

अंतराचा अडथळा उपचारापर्यंतही येतो. या भागाला जवळ पडणारे योजनेचे मोठे रुग्णालय नागपुरात सोमवारी पेठेत आहे, आणि नागपूर-नागभीड ही जुनी नॅरोगेज गाडी रुंदीकरणासाठी नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद झाली. दरम्यान दुसऱ्या बाजूने आरोग्य विमा या प्रदेशात आला होता. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत गडचिरोली होता; पुढे ती राज्यभर लागू झाली आणि २०१७ मध्ये महात्मा फुले यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. शिधापत्रिकेच्या आधारे ती मोठ्या शस्त्रक्रियांचा खर्च उचलते, आणि राईस मिलचा हमाल, रोवणीची मजूर, तेंदू संकलक असा भेद करत नाही, हा तिचा मोठा गुण. परंतु बुडालेल्या मजुरीचा एक रुपयाही ती देत नाही, बाळंतपणाची रोख रक्कम देत नाही, विधवेला मासिक आधार देत नाही. अदारकरांनी ज्या दोन गोष्टी एकत्र बांधल्या होत्या, उपचार आणि उत्पन्न, त्यांची येथे फारकत झाली आहे.

जून २०२२ मध्ये महामंडळाच्या १८८ व्या बैठकीत ही योजना वर्षअखेरपर्यंत देशभर नेण्याचा निर्णय झाला. त्या वेळी ४४३ जिल्हे पूर्णतः, १५३ अंशतः योजनेखाली होते आणि १४८ जिल्हे तिच्या बाहेर होते, म्हणजे कायदा होऊन चौऱ्याहत्तर वर्षांनी. त्याच बैठकीत महाराष्ट्रासाठी मंजूर झालेली सहा नवी रुग्णालये पालघर, सातारा, पेण, जळगाव, चाकण आणि पनवेल येथली होती. विदर्भाच्या वाट्याला त्यांतील एकही आले नाही. त्यानंतर २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली आणि अधिसूचित क्षेत्राची अट संपली. दहा किंवा अधिक माणसांची आस्थापना देशात कोठेही असली तरी विम्याखाली येते, धोकादायक प्रक्रियेत एक माणूस असला तरी ती येऊ शकते, आणि दहापेक्षा कमी माणसांच्या आस्थापनेला स्वेच्छेने सामील होता येते. क्षेत्राची भिंत अशा रीतीने पडली आणि संख्येची बरीच खाली आली. हंगामाची मात्र जशीच्या तशी उभी आहे, कारण संहितेच्या पहिल्या अनुसूचीत दहा माणसांच्या आस्थापनेचा उल्लेख ‘हंगामी कारखाना वगळून’ असाच आहे, आणि १९४८ च्या यादीतील लाख आजही त्या शब्दांच्या आडच राहते.